ऑफिसात काय सांगावं, काय आपल्यापाशी ठेवावं: नोकरदारांसाठी सविस्तर मार्गदर्शक

नव्या नोकरीत पहिल्या आठवड्यात डबा खाताना येणारे प्रश्न जवळपास ठरलेले असतात. गाव कुठलं? राहायला कुठे? घर स्वतःचं की भाड्याचं? घरी कोण कोण असतं? लग्न झालंय का? झालं असेल तर मुलं किती, नसेल तर का नाही? विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा आपुलकीच असते. हीच माणसं रात्री-अपरात्री तुमच्या वडिलांना दवाखान्यात न्यायला धावून येतात, रक्तदाता शोधून देतात, तुम्ही रजेवर असताना तुमचं टेबल सांभाळतात. म्हणून ‘ऑफिसात कामापुरतंच बोला’ हा सल्ला मला कधीच पटला नाही. दिवसाचे आठ-नऊ तास माणसांत राहून कुणालाच काही न सांगता जगता येत नाही, आणि जगूही नये.

पण त्याच टेबलावर सहज बोललेली गोष्ट बढतीच्या चर्चेत, बदलीच्या यादीत किंवा भांडणाच्या भरात भलत्याच रूपात परत येते, हेही तितकंच खरं. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी ऐकताना मला पुन्हा पुन्हा जाणवलं, की जास्त बोलल्यामुळे जेवढं नुकसान होतं त्याहून कितीतरी जास्त न ठरवता बोलल्यामुळे होतं. त्यामुळे खालच्या सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच काम आहे: प्रश्न येण्याआधी ठरवून ठेवणं.

पायरी १: आधी कागदावर उतरवा

घरी शांतपणे बसा आणि तुमच्या आयुष्यातल्या ज्या गोष्टींबद्दल ऑफिसात विचारणा होऊ शकते त्या लिहून काढा. लग्न, घटस्फोट, मूल, आजार, औषधं, कर्ज, पगार, जात, धर्म, राजकीय मत, दुसऱ्या नोकरीचा शोध, घरातली भांडणं. प्रत्येकीपुढे नाव लिहा, म्हणजे ही गोष्ट नेमकी कुणाला सांगणार. ‘सगळ्यांना’, ‘फक्त अमुक एकीला’, ‘कुणालाच नाही’ असं काहीही चालेल. नाव सुचत नसेल तर सध्या कुणालाच नाही, असं समजा.

याच कागदावर आस्थापनेला म्हणजे संस्थेला काय सांगणं भाग आहे तेही लिहा. सहकाऱ्यांना सांगणं आणि आस्थापनेला कळवणं या दोन वेगळ्या वाटा आहेत आणि त्यांची गल्लत फार महाग पडते. उदाहरणार्थ, लग्न झाल्याचं तुम्हाला सध्या कुणाला सांगायचं नसेल तर तो तुमचा अधिकार आहे. पण भविष्य निर्वाह निधीत लग्नाआधी आई-वडील, भाऊ किंवा आणखी कुणाचं नामनिर्देशन केलेलं असेल तर लग्नानंतर ते तपासून नव्याने भरा. अविवाहित असताना, कुटुंब नाही असं धरून केलेलं नामनिर्देशन कुटुंब झाल्यावर रद्दबातल ठरतं. हे काम भविष्य निर्वाह निधीच्या पोर्टलवर होतं, त्यासाठी पेढे वाटावे लागत नाहीत. घटस्फोटानंतरही नामनिर्देशन, गटविमा आणि आपत्कालीन संपर्काचं नाव ताबडतोब तपासा. आपत्कालीन संपर्क म्हणून अशा माणसाचा नंबर द्या, ज्याला तुमच्या घरची आणि आजाराची सगळी माहिती आहे आणि जो ऑफिसातून फोन आल्यावर हवं तेवढंच बोलेल.

पायरी २: उत्तरं तयार ठेवा, आणि दर वेळी तीच द्या

उत्तर खरं असावं, छोटं असावं आणि विचारणारा कुणीही असो, एकच असावं. खोटं सांगू नका. ‘साखरपुडा झालाय’ असं एकदा खोटं सांगितलं की पुढचं वर्षभर तारीख सांगत बसावं लागतं. शिवाय खोटं उघडं पडलं की तुमचं खरंही कुणी धरत नाही. न सांगणं मात्र पूर्णपणे प्रामाणिक असतं.

लग्नाबद्दल: ‘ठरलं की सांगेनच, काकू.’ एवढं म्हणून लगेच त्यांच्याबद्दल विचारा: ‘तुमच्या सूनबाईंची परीक्षा झाली का?’ ज्यांना आपुलकी आहे त्या आनंदाने त्यावर बोलतात.

मुलाबद्दल: ‘गोड बातमी कधी?’ हा प्रश्न ज्यांचे उपचार चालू आहेत, ज्यांचा गर्भपात झालाय त्यांना किती लागतो याची विचारणाऱ्याला कल्पनाही नसते. इथे हसून वेळ मारून नेण्यापेक्षा शांतपणे म्हणा, ‘ताई, या विषयावर मी ऑफिसात बोलत नाही.’ पुन्हा विचारलं तर तेच वाक्य, त्याच आवाजात. कारण देऊ नका. कारण दिलं की त्यावर सल्ला मिळतो, सल्ल्यावर चर्चा होते आणि दुपारपर्यंत एखाद्या डॉक्टरचं नाव तुमच्या हातात पडतं.

पगाराबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. सरकारी कार्यालयात तो गुपित नसतोच. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार अधिकारी-कर्मचाऱ्यांचं मासिक वेतन संस्थेने स्वतःहून जाहीर करायचं असतं. खासगी नोकरीत आधी नेमणूकपत्रातली अट वाचा. पण एकाच हुद्द्यावर, एकच काम करणाऱ्या विश्वासातल्या सहकाऱ्याशी पगाराबद्दल बोलण्यात मला काही वावगं वाटत नाही. कमी पगारावर राबणाऱ्याला, आणि त्यात बायका पुष्कळ असतात, हे कळण्याचा बहुतेक वेळा तोच एक मार्ग असतो. मात्र पगारावर चालू असलेले हप्ते, आयकर विवरणपत्र, घरात शिल्लक काय राहते हे सगळं तुमचं खासगी. सरकारी नोकराचे सेवा अभिलेख आणि आयकर विवरण ही वैयक्तिक माहिती आहे आणि व्यापक जनहित असल्याशिवाय ती माहिती अधिकारातही देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

पायरी ३: आडनाव, गाव आणि त्यामागचा प्रश्न

यावर थोडं थांबून बोलायला हवं, कारण हा प्रश्न आपल्याकडे सरळ विचारला जात नाही. आधी पूर्ण नाव विचारतात. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव, गावावरून नाही तर गल्ली किंवा वाडी, मग कुलदैवत, मग ‘तुमच्यात लग्नात काय पद्धत असते?’ आणि शेवटी डब्यात काय आणलंय याकडे एक नजर. ही सगळी चौकशी हसतखेळत होते आणि ज्याची होते त्याला ती पहिल्या प्रश्नापासून कळते.

जात सांगायची की नाही हा निर्णय सर्वस्वी तुमचा. अभिमानाने सांगायची असेल तर जरूर सांगा. नसेल सांगायची तर ‘हे का विचारताय?’ एवढाच उलट प्रश्न पुरतो. बहुतेक जण तिथेच थांबतात, कारण खरं कारण मोठ्याने बोलणं त्यांनाही जड जातं.

आरक्षणातून नेमणूक झालेल्या कर्मचाऱ्याची जात वैधता प्रमाणपत्राची फाईल आस्थापना शाखेत असते. ती हाताळणाऱ्या लिपिकाने त्यातली माहिती चहाच्या टपरीवर नेणं हा विश्वासघात आहे. तसं झाल्याचं कळलं तर शाखाप्रमुखाला लेखी कळवा, तोंडी तक्रारीचा मागमूस राहत नाही. आणि जातीवरून लोकांसमोर अपमान झाला तर तो खासगीपणाचा प्रश्न उरतच नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा तसा हेतुपुरस्सर अपमान करणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

पायरी ४: रजा, आजारपण, बाळंतपण

किरकोळ रजेच्या अर्जात ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे दोन शब्द पुरेसे असतात. साहेबांनी विचारलं तर ‘सर, घरचं काम आहे, बुधवारी हजर होतो’ एवढं सांगा. त्यांना खरं तर तुम्ही कधी परत येणार आणि तुमचं काम कोण बघणार हे हवं असतं. ते स्वतःहून सांगितलंत की कारणाची चौकशी आपोआप कमी होते.

वैद्यकीय रजेसाठी प्रमाणपत्र लागतं, पण तुमचा सगळा केसपेपर लागत नाही. डॉक्टरांना आधीच विचारा, ‘विश्रांतीचा कालावधी आणि कामावर हजर होण्यास योग्य, एवढंच लिहिलं तर चालेल का?’ संस्थेच्या नियमांत आजाराचं नाव आवश्यक असेल तर कागद बंद पाकिटात संबंधित अधिकाऱ्याच्या हाती द्या, सेक्शनच्या ट्रेमध्ये ठेवू नका. विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रिपोर्टचा फोटो तर कधीच टाकू नका. एचआयव्हीबाबत २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार नोकरीसाठी ही तपासणी सक्तीची करता येत नाही आणि संमतीशिवाय कुणाची स्थिती उघडही करता येत नाही. मानसिक आजारावरच्या उपचारांची गोपनीयता २०१७ च्याच मानसिक आरोग्य कायद्याने दिलेली आहे.

बाईच्या शरीराबद्दल ऑफिसने किती विचारावं, यावरचा एक निकाल प्रत्येक नोकरदार स्त्रीला माहीत असायला हवा. आयुर्विमा महामंडळात निवड झालेल्या एका तरुणीला परिविक्षाकाळात (प्रोबेशनवर असताना), बाळंतपणाच्या रजेनंतर, कामावरून कमी केलं गेलं. नेमणुकीच्या वेळच्या फॉर्ममध्ये मासिक पाळीची माहिती तिने चुकीची दिली, हा ठपका होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९१ साली न्यायालयाने तिला पुन्हा कामावर घ्यायला लावलं आणि पाळी व गर्भधारणेबद्दलचे ते अपमानास्पद रकाने फॉर्ममधून काढून टाकायला सांगितलं. नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने जाहीर केलं, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

गरोदर असल्याचं केव्हा सांगावं? काम बैठं असेल तर घाई नाही. पण रसायनं, क्ष-किरण, जड वजन, रात्रपाळी किंवा तासन्‌तास उभं राहणं असेल तर वरिष्ठांना लवकर आणि लेखी कळवा, टेबलावरच्या मैत्रिणींना नंतर. बातमी दुसऱ्याकडून साहेबांच्या कानावर जाणं तुमच्या सोयीचं नसतं. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा हा हक्क आहे, त्यासाठी कुणाला खूश ठेवण्याची गरज नाही.

पायरी ५: पैसा, पतसंस्था आणि जामीन

आपल्याकडे सहकाऱ्यांची नाती सर्वांत जास्त कुठे ताणली जातात, तर पगारदारांच्या पतसंस्थेच्या कर्जावरून. संचालक मंडळात आपल्याच ऑफिसातली माणसं, जामीनदार आपल्याच ऑफिसातले, त्यामुळे कुणाचं किती कर्ज आहे हे गुपित राहणं मुळातच अवघड. जामिनाची विनंती येते ती पण चहा पिता पिता: ‘दादा, एक सही हवी होती.’

ती नुसती सही नसते. कर्जदाराने पैसे थकवले तर संस्था जामीनदाराकडून पूर्ण रक्कम वसूल करू शकते. आधी त्याच्याकडेच मागायला हवी होती, असं म्हणून सुटता येत नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निघणारा वसुली दाखला जामीनदाराच्या नावानेही निघतो. कर्जाच्या कागदांत पगारातून कपात करण्याची संमती असते, ती सही करण्याआधी पूर्ण वाचा.

इथे खासगीपणाची रेघ दुसरीकडे सरकते. जो सही मागतो त्याने स्वतःचा हिशोब मोकळा केलाच पाहिजे. आधीची कर्जं किती, हातात पगार किती येतो, कर्ज कशासाठी, आणखी कुणाचा जामीन आहे का, हे चारही प्रश्न विचारा आणि विचारताना जराही संकोच बाळगू नका. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असं उत्तर आलं तर सही करू नका. नकार देतानाही आपला सगळा पसारा मांडायची गरज नाही: ‘मी कुणालाच जामीन राहत नाही, घरात तसं ठरलंय.’ मग मात्र खरंच कुणालाही राहू नका. एकाला नाही आणि दुसऱ्याला हो म्हटलं की तो नकार वैयक्तिक होतो आणि मनात राहतो.

भिशी आणि उसनवारीसाठीही हेच. उसने दिलेले पैसे चारचौघांत मागू नका. एकट्याला गाठून, तारखेसह मागा.

पायरी ६: फोन, ग्रुप, ऑफिसचा लॅपटॉप

हे काम एका संध्याकाळी होऊन जातं, म्हणून लवकर उरकतो. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये जाऊन स्टेटस कुणाला दिसावं, फोटो कुणाला दिसावा, ‘लास्ट सीन’ कुणाला कळावं आणि ग्रुपमध्ये तुम्हाला कोण घेऊ शकतं हे चारही पर्याय बदला. आजारी म्हणून रजा टाकली आणि त्याच दिवशी गणपतीपुळ्याचं स्टेटस दिसलं, यावरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत. शक्य असेल तर कामासाठी वेगळा नंबर ठेवा.

ऑफिसच्या लॅपटॉपवर आणि मेलवर जे काही असतं ते संस्था पाहू शकते, असं धरूनच चाला. स्वतःचा बायोडेटा, दवाखान्याचे कागद, वकिलाशी झालेला पत्रव्यवहार, घरचे फोटो त्यावर नकोत. ऑफिसच्या संगणकावर व्हॉट्सॲप वेब उघडलं असेल तर जाताना फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मधून बंद करा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यावर फार विसंबून राहू नका. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असले तरी मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत, आणि नोकरीशी संबंधित कारणांसाठी मालकाला वेगळ्या संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा त्यात आहे.

रात्री दहाच्या मेसेजला उत्तर देणं कायद्याने टाळता येईल, अशी तरतूद आपल्याकडे अजून नाही. खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत त्यासाठी खासगी विधेयक मांडलं होतं, पण कायदा झाला नाही. तेव्हा टीममध्ये आधीच बोलून घ्या: ‘सर, तातडीचं असेल तर फोन करा. मेसेज मी सकाळी बघते.’ आणि मग रात्री खरंच बघू नका. दोनदा रात्री उत्तर दिलंत की तिसऱ्यांदा ते गृहीत धरलं जातं.

पायरी ७: दुसऱ्याची गोष्ट तुमच्याकडे आली तर

आपलं खासगीपण जपायला सगळे तयार असतात, दुसऱ्याचं जपताना मात्र हात सैल पडतात. सहकारी दवाखान्यात असेल तर भेटायला जाण्याआधी घरच्यांना विचारा. नळ्या लावलेल्या माणसाचा फोटो ग्रुपवर टाकू नका, मदतीची वर्गणी गोळा करायची असली तरीही. कुणी काही विश्वासाने सांगितलं तर तिथेच विचारा, ‘बाकीच्यांनी विचारलं तर काय सांगू?’ हा एक प्रश्न पुढच्या सगळ्या गैरसमजांपासून दोघांनाही वाचवतो. आणि एखाद्याचं ओझं तुम्हाला पेलवणार नसेल तर ऐकून घेण्याआधीच सांगा. हिंसा किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा असेल तर मात्र गप्प बसण्याचं वचन देऊ नका, त्याच्या घरच्यांना किंवा डॉक्टरांना कळवा.

पायरी ८: ऑफिसातलं प्रेम

दोन सज्ञान माणसांनी एकमेकांवर प्रेम करण्याला कायद्याची आडकाठी नाही. पुष्कळ सुखी संसार ऑफिसातच जुळलेले असतात. पण विचारायचं ते एकदाच, एकांतात आणि नकाराला पूर्ण जागा ठेवून. ‘विचार करून सांग’ म्हणत रोज मागे लागणं प्रेम नव्हे. नकार स्पष्ट असूनही एखाद्या स्त्रीशी वारंवार संपर्क साधत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा ठरतो.

एक जण दुसऱ्याच्या कामाचा अहवाल लिहिणारा असेल तर माझं मत अगदी स्पष्ट आहे: नातं पुढे नेण्याआधी वरिष्ठाने स्वतःहून त्या साखळीतून बाहेर पडावं, बदली मागावी. हाताखालच्या माणसाचा होकार कितपत मोकळा आहे हे त्याला स्वतःलाही कळत नाही. संस्थेच्या धोरणात कळवणं आवश्यक असेल तर नातं आहे एवढंच कळवा, ते कुठवर गेलंय हे विचारण्याचा अधिकार एचआरला नाही. आणि नातं तुटलं तर जुने मेसेज, फोटो कुणालाही दाखवू नका, स्वतःची बाजू मांडण्यासाठीसुद्धा नाही.

पायरी ९: हद्द ओलांडली गेली तर

पहिल्यांदा तोंडी सांगा, कर्ता आणि कृती स्पष्ट ठेवून: ‘तुम्ही माझ्या घरच्या भांडणाबद्दल सेक्शनमध्ये बोललात. मला ते आवडलं नाही. पुन्हा बोलू नका.’ दुसऱ्यांदा घडलं तर तेच लेखी पाठवा, मेसेज चालेल: ‘दिनांक अमुक रोजी आपलं बोलणं झालं होतं, तरीही काल पुन्हा तोच विषय निघाला.’ तिसऱ्या वेळी वरिष्ठांकडे जा. एचआरशी बोलताना आधीच विचारा, ‘मी जे सांगणार आहे ते कुणाकुणाला कळेल?’ एचआर संस्थेसाठी काम करतं. चांगली माणसं तिथेही असतात, पण गोपनीयता गृहीत धरू नका.

लैंगिक छळ असेल तर मात्र या तीन पायऱ्यांची वाट बघू नका. नको असलेला स्पर्श, शरीरसुखाची मागणी, अश्लील शेरे, अश्लील चित्रं दाखवणं, सगळं कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात येतं, आणि ऑफिसची बस किंवा कामानिमित्तचा दौराही कामाचं ठिकाण मानलं जातं. १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अशा तक्रारींसाठी अंतर्गत समिती असायलाच हवी, तिची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री आणि किमान निम्म्या सदस्य स्त्रिया. घटनेपासून ३ महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते, सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. कर्मचारी दहाहून कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. घरकाम करणाऱ्या बायकांनाही हाच मार्ग खुला आहे. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरूनही तक्रार नोंदवता येते. या कायद्याखाली तक्रार फक्त स्त्रीला करता येते. पुरुष कर्मचाऱ्याला सेवानियम, संस्थेचं धोरण किंवा पोलीस यांचा आधार घ्यावा लागतो.

याच कायद्याच्या कलम १६ नुसार तक्रारदार, आरोप असलेली व्यक्ती, साक्षीदार यांची नावं आणि चौकशीतला तपशील उघड करता येत नाही. समितीतल्या कुणी बाहेर वाच्यता केली तर तीही लेखी तक्रारीची बाब आहे.

नोंदी ठेवताना तारीख, वेळ, जागा, शब्द जसेच्या तसे आणि तिथे आणखी कोण होतं हे त्याच दिवशी लिहा. स्क्रीनशॉट स्वतःच्या मेलवर पाठवा, ऑफिसच्या नव्हे. तक्रार देताना पोच घ्या, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का आणि तारीख मागा, आणि ती प्रत त्याच संध्याकाळी घरी नेऊन ठेवा.